सीटवाल्या काकूंची गादी

ट्रक ड्रायव्हरच्या बुडाबद्दल सीटवाल्या काकूंइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या कुणालाही, अगदी व्याह्यांनासुद्धा, बिनदिक्कत सांगत. एकोणतीस वर्षं त्या एका दुकानात नोकरीला राहून गाड्यांच्या सीटा बनवत होत्या. पुढे चालणाऱ्या माणसाकडे मागून एक नजर टाकली की त्याला किती इंची फोम लागेल हे त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, आणि बऱ्याचदा त्या माणसाला ते ऐकूही जायचं.

फोम पारखायची त्यांच्या दुकानाची एक रीत होती. तुकडा लाकडी स्टुलावर ठेवायचा, त्यावर धपकन बसायचं आणि तीनपर्यंत मोजायचं. तीनच्या आत बुडाला लाकूड लागलं तर फोम बाद. डेन्सिटीचे आकडे आणि विक्रेत्यांची गोड बोलणी दुकानात कुणी मनावर घेत नसे. डेन्सिटी म्हणजे फोम किती वर्षं टिकेल ते, मऊ की कडक ते बसल्याशिवाय कळत नाही, असं काकूंचं म्हणणं. त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. म्हणूनच घरच्या गादीच्या वेळी जे झालं ते त्यांना फार लागलं.

काकूंचे यजमान निवृत्त ट्रक ड्रायव्हर. त्यांना सगळे पायलट म्हणत, कारण गाडी चालवताना ते कुणाशी बोलत नसत आणि खाली उतरल्यावर दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं, टाकेही सुकले. पण पलंगावर आडवं झालं की दहा मिनिटांत कंबर ठणकायला लागायची आणि ते उठून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचे. झोपायचेही तिथेच, मान छातीवर टाकून. असे सात महिने गेले. संध्याकाळपर्यंत पावलं इतकी सुजायची की चपलेचा पट्टा आत रुतायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कमरेत आता काही बिघाड राहिलेला नाही, पण बसून झोपणं थांबलं नाही तर पायांचं दुखणं कायमचं मागे लागेल. एवढा बोलका माणूस, आता दिवसाला दहा वाक्यंसुद्धा बोलत नव्हता. काकूंना त्या खुर्चीचा मनापासून राग यायचा.

वन्संनी, म्हणजे पायलटांच्या थोरल्या बहिणीने, यावर तोडगा काढला. वन्संना तोडगे काढायची आवडच होती, विशेषतः दुसऱ्यांच्या घरातले. त्यांनी बटण दाबलं की पाय वर होणारी एक भलीमोठी आरामखुर्ची पसंत केली. खोलीत ती मावण्यासाठी पलंग काढावा लागणार होता. तो काढूनच टाकू, असं त्यांनी परस्पर ठरवलं. खुर्ची पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता येणार होती. पायलटांनी नुसती होकाराची मान हलवली, आणि काकूंचं लक्ष पलंगाकडे गेलं. त्या पलंगावर दोघांचा सगळा संसार झाला होता. पलंग गेला की हा माणूस परत कधी आडवा होणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"रविवारपर्यंत मला वेळ द्या," त्या वन्संना म्हणाल्या. "गादी मी करते."

वन्संनी नाक मुरडलं. सीट वेगळी आणि गादी वेगळी, एवढंच त्या म्हणाल्या. दुर्दैव असं की त्यांचं बरोबर होतं, फक्त का बरोबर होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

काकूंनी सोमवारीच दुकानातला सगळ्यात खणखणीत फोम निवडला. पाच इंची जाड थर तळाला, त्यावर दोन इंची थोडा नरम, आणि वरून तीन बाजूंना चेन असलेली सुती खोळ. थर एकमेकांना चिकटवले नाहीत, बदलता यावेत म्हणून. मग पलंगावर धपकन बसून तीनपर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं. लाकडाचा पत्ताच नाही. खूश होऊन त्यांनी पायलटांना बोलावलं. पायलट सात मिनिटं पडले आणि खांदा चोळत उठले. जुन्या गादीवर निदान दहा तरी होत होती.

कडक झाली तर मऊ करू, म्हणून मंगळवारी त्यांनी अंगाच्या उबेने मऊ होणाऱ्या मेमरी फोमचा चार इंची टॉपर, म्हणजे गादीवरचा जादा थर, आणून वर घातला. त्यावर बसल्या तेव्हा बूड असं अलगद आत गेलं की त्यांना स्वतःलाच डुलकी आली. पायलट मात्र त्यात रुतले. कूस बदलता येईना, पाठीला घाम सुटला, आणि शेवटी काकूंनी दोन्ही हात धरून त्यांना वर ओढलं तेव्हा ते पुन्हा खुर्चीकडे गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि रडल्या. त्यांना स्वतःचाच राग आला होता. जगाच्या बुडाखाली त्यांनी आराम घातला होता आणि घरच्या माणसाला धड पडता येत नव्हतं.

बुधवारी दुकानात एक ड्रायव्हर तक्रार घेऊन आला. त्याची सीट टोचत होती. अशा वेळी दुकानाचे मालक नेहमी जे करत तेच त्यांनी केलं. सीटवर काळं कापड अंथरलं, त्यावर खडूची भुकटी पसरली, आणि गडद पँट घातलेल्या त्या ड्रायव्हरला बसायला, मग उठायला सांगितलं. जिथे भार जास्त, तिथे खडू जास्त. ड्रायव्हर पाठमोरा उभा राहिला तर मागे दोन पांढरे गोळे उमटलेले, बाकी सगळं कोरं. असले गोळे काकूंनी हजार वेळा बघितले होते. त्या दिवशी मात्र त्या कात्री हातात धरून तशाच थांबल्या. बसलेल्या माणसाचं सगळं वजन त्या दोन गोळ्यांत. झोपलेल्या माणसाचं कुठे असतं?

"मालक, मी झोपायची गादी बसून पारखत होते," त्या म्हणाल्या.

मालकांना काही कळलं नाही. मग काय उभं राहून पारखायची, असं त्यांनी विचारलं. काकूंनी खडूचा डबा आणि काळं कापड पिशवीत टाकलं, आणि भर दुपारी बारा वाजता, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, न विचारता घरी निघून गेल्या.

पायलटांना त्यांनी जुना निळा शर्ट आणि गडद पायजमा घालायला लावला. आता पावडर लावून मला कुठे पाठवायचं ठरवलंयस, असं पायलटांनी विचारलं. त्या आठवड्यातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. ते नेहमी उजव्या कुशीवर झोपत. आधी मेमरी फोम बाजूला काढून नुसत्या कडक गादीवर काळं कापड अंथरलं, खडू पसरला, त्यांना दोन मिनिटं आडवं केलं आणि उठवलं. खांद्यावर पांढरा थापा, कुल्ह्यावर पांढरा थापा, आणि मधली कंबर स्वच्छ निळी. म्हणजे कंबर अधांतरी होती, तिला खालून कुणी धरलंच नव्हतं. मग मेमरी फोम परत घालून बघितलं. मानेपासून गुडघ्यापर्यंत सगळं पांढरं, पण कुल्हा खोल गेलेला आणि पाठीची झोळी झालेली. काकूंनी कपाळाला हात लावला. मऊ की कडक, हा प्रश्नच चुकीचा होता. खांद्याला आत जायला जागा हवी होती, कमरेला आधार हवा होता, आणि कुल्हा थोडाच बुडायला हवा होता.

पुढचे तीन दिवस काकू कामाला अशा भिडल्या की मालकांनी आपण होऊन फोमच्या शीटचं दुसरं टोक धरलं. तळाचा पाच इंची थर तोच ठेवला. मधला दोन इंची थर मात्र त्यांनी वेगवेगळ्या फोमच्या तीन आडव्या तुकड्यांचा केला, खांद्याखाली नरम, कमरेखाली कडक, कुल्ह्यापासून पायांपर्यंत मध्यम. मेमरी फोम हद्दपार. त्याच्या जागी दीड इंची लॅटेक्सचा, म्हणजे रबरी फोमचा, टॉपर, कारण लॅटेक्स दाबला की लगेच उसळतो आणि माणसाला कूस बदलायला मदत करतो. शुक्रवारी खडूची परीक्षा घेतली तर कंबर अजून कोरीच. काकूंनी टेप काढला आणि जीभ चावली. सवयीप्रमाणे त्यांनी नवरा खुर्चीत बसलेला असतानाच त्याचं माप घेतलं होतं, आणि आडवं झालं की वाकलेली पाठ सरळ होऊन माप बदलतं. शनिवारी त्यांनी चेन उघडून कमरेचा तुकडा चार बोटं वर सरकवला आणि पुन्हा झोपवलं. शर्टावर खांद्यापासून कुल्ह्यापर्यंत फिकट, एकसारखा पांढरा पट्टा उमटला. काकूंनी तो शर्ट धुवायला टाकला नाही.

रविवारी वन्सं दहालाच आल्या, पर्समध्ये पलंग खोलायचा पाना घेऊन. आल्या आल्या त्या गादीवर बसल्या आणि हिच्यात काही दम दिसत नाही म्हणाल्या.

"वन्सं, उठा," काकू म्हणाल्या. "ही बसायची नाही."

साडेदहाला पायलट आडवे झाले. दोघी दारात उभ्या राहिल्या. वन्संनी उघड उघड घड्याळ धरलं होतं. सात मिनिटं झाली, दहा झाली. दहाव्या मिनिटाला पायलट हलले आणि काकू एक पाऊल आत गेल्या, पण पायलटांनी नुसता पाय लांब केला. अकरा वाजता खोलीतून घोरणं ऐकू आलं. चांगलं दणदणीत, चढणीला लागलेल्या ट्रकसारखं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

बाराला खुर्चीवाले आले. त्यांनी बेल वाजवू नये म्हणून वन्सं चपला हातात घेऊन अनवाणी जिना उतरल्या आणि ती भलीमोठी खुर्ची खालच्या खालीच परत पाठवली. वर येऊन त्यांनी पाना पर्समध्ये खोल सारला. मग माझ्याही गादीचं बघशील का, असं हळूच विचारलं. काकू मोठ्या मनाच्या. त्यांनी फक्त पाच मिनिटं वन्संना वाट बघायला लावली आणि मग हो म्हणाल्या.

दुपारची जेवणं कुजबुजत झाली. भांडी कुणी घासली नाहीत, आवाज होईल म्हणून. चार वाजून गेल्यावर आतून हाक आली आणि काकू धावल्या. पायलट छताकडे बघत पडले होते. पावलांवरची सूज बरीच ओसरली होती, घोट्याचं हाड कितीतरी दिवसांनी दिसत होतं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"चार वाजून गेले."

पायलटांना उठवायला काकूंनी नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. ते त्यांनी धरले नाहीत.

"मी अजून थोडा पडू का?"

"पडा की," काकू म्हणाल्या, आणि पुढे केलेल्या हातांनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. पायलटांनी आपली आपण कूस बदलली आणि डोळे मिटले.