चिमाबाईचे उपास

माझं अक्षर चांगलं आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही, कारण या एका गुणापायी नोकरीभर माझे हाल झाले. मतदारयाद्या, पोलिओचे तक्ते, जनगणना, जे येईल ते "गुरुजींचं अक्षर सुंदर आहे" म्हणून माझ्याच गळ्यात. दोन हजार दोन साली दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आला, तोही असाच आला. त्याच सुंदर अक्षरात मी चिमाबाईचं घर घालवलं, आणि हे सांगायला मला आज वीस वर्षं लागली.

आमची शाळा कळंबच्या पुढं, नाशिक रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत. चिमाबाई शाळेमागच्या बराखीत राहायची. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबोडी जागा. खाली दगडी जोतं, वर कौलं, आणि भिंतींच्या जागी फटीफटीनं ठोकलेल्या पट्ट्या, कांद्याला वारा लागावा म्हणून. कांद्याला लागणारा वारा माणसालाही लागतोच. चिमाबाईनं फटींवर गोणपाटं शिवून आतून शेणामातीनं लिंपून घेतलं होतं. बराख तिच्या चुलत दिराची, सावळेरामची. तिचा नवरा हौशीराम आजारी पडला तेव्हा त्याच्या वाटणीची जमीन दवाखान्यात गेली, आणि मागोमाग तोही गेला. राहिली चिमाबाई आणि तिची लेक स्नेहल. सावळेरामनं जुनी बराख राहायला दिली. तो वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण या हकिकतीत वाईट माणूस शोधायचा तर माझ्यापर्यंतच यावं लागतं.

चिमाबाईचं गावात नाव होतं ते उपासांसाठी. सोमवार भीमाशंकरचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, संकष्टी ओझरच्या विघ्नहराची, शिवाय एकादशा. कांदा लागणीच्या टोळीत दुपारी बायका बांधावर भाकरी सोडायच्या तेव्हा ही पाणी पिऊन बाजूला बसायची. "माझा उपास हाय गं." टोळीची मुकादम प्रयागबाई तिला चिडवायची, "चिमे, येवढं उपास तर भीमाशंकरचा गुरव बी करत नसंल. तुला न्यायला इमानच येनार." आपल्याकडं एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा काय, भगर काय. चिमाबाईचा उपास मात्र निव्वळ पाण्यावरचा. बायका तिच्याकडं जरा दबूनच बघायच्या.

सर्व्हेला मी तिच्याकडं गेलो ती डिसेंबरातली दुपार होती आणि अजून चाळीस घरं व्हायची होती. मला बघताच तिनं शेजारून सतरंजी आणवली. स्नेहल तेव्हा आठवीत, माझीच विद्यार्थिनी. ती तांब्या घेऊन मागच्या बाजूनं पळाली आणि कुणाकडून तरी दूध घेऊन आली. ते मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. स्टीलच्या कपात चहा आला. मी फॉर्म उघडला.

"घर कुणाचं?"

"घरच्याचंच हाय की. म्हंजी आमचंच."

"जेवण किती वेळ मिळतं? वर्षभर पोटभर मिळतं का?"

"आसं काय इचारता गुरुजी? दोन टाइम. पोटभर. देवाच्या दयेनं काय कमी न्हाई."

"कपडे?"

तिनं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडं बोट दाखवलं. "पेटी भरून हायेत."

पेटी बंद होती, वर गोधडी घडी करून ठेवलेली. झाकण उचलायला मला दोन पावलं टाकावी लागली असती. मी नुसतं म्हणालो, "चिमाबाई, नीट सांगा. हा सरकारी कागद आहे. यावरच पुढं सगळं ठरतं."

तशी ती ताठ झाली. "मंग सरकारला काय सांगू? हौशीरामाच्या मागं त्याची बायकू उपाशी मरती म्हनून? दारात आल्याल्या मानसापुढं आसं रडगानं गात्यात व्हय?"

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा म्हणतात ते हेच. तिला ते कळत नव्हतं, मला कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला सासरी-माहेरी शिकवलेलं. मूठ उघडून दाखवणाऱ्यालाच सरकार काही देतं, हे तिला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. मी चहा संपवला आणि ती म्हणाली ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

यादी वर कुठंतरी अडकली आणि तीन-चार वर्षांनी गावात लागली. फॉर्ममधल्या प्रत्येक उत्तराला गुण होते, आणि चिमाबाई दोन गुणांनी रेषेच्या वर. वर्गात दोन गुणांनी अडलेल्या पोराला मी कृपांक देऊन ढकलतो. इथं दोन गुण जास्त पडले म्हणून बाई नापास झाली होती. यादीत नाव नाही म्हणजे घरकुल नाही. आणि नेमकं त्याच साली सावळेराम तिला म्हणाला, "वयनी, औंदा पोरांनी कांदा लई लावलाय. गुढीपाडव्याला बराख मोकळी करून द्या." त्यात राग नव्हता. कांदा उघड्यावर ठेवता येत नाही, एवढंच.

यादीवरच्या तक्रारी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ऐकणार होते. तक्रार स्वतः येऊन, सगळ्यांसमोर मांडायची. चिमाबाईनं अर्ज दिला. माझ्याच हातानं लिहून घेतला, आणि तेव्हाही उपासमारीचं वाक्य तिनं घालू दिलं नाही. "चूक झाली येवढंच लिवा."

आदल्या दिवशी स्नेहल शाळेत आली. आता अठराची झाली होती. तिचं लग्न जमत होतं. गावातल्या गेणभाऊंचा भाचा सुदर्शन, ओझरला देवळापाशी पेढ्यांचं दुकान. गेणभाऊंनीच शब्द टाकला होता, "पोरगी गरिबाची, पर खाऊनपिऊन सुखी घरातली. आई लई देवभोळी."

"गुरुजी," ती दारातूनच म्हणाली, "उद्या आईला बोलू देऊ नका. गेणमामा सभेला बसनार. तुमीच सांगा ना, लिवताना तुमचं चुकलं म्हनून."

मी म्हणालो, "सांगतो."

"नक्की?"

"अगं, सांगतो म्हटलं ना." मी जरा चिडूनच बोललो. माणूस खोटं बोलायच्या आधी चिडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

झेंडावंदन झालं, पोरं खाऊ घेऊन पांगली, आणि शाळेच्याच पटांगणात सभा बसली. पुरुष पुढं, बायका भिंतीकडेला. तालुक्याहून एक साहेब आले होते. पुढच्याच रांगेत गेणभाऊ, पांढरं धोतर, मांडी घालून. चिमाबाईचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या हातात घोषणा लिहिण्याचा खडू होता तो मी खिशात घातला.

साहेबांनी फॉर्म वर धरला. "हे बघा, इथं स्वच्छ लिहिलंय. दोन वेळ पोटभर जेवण. कपडे भरपूर. घर स्वतःचं. आता बाई म्हणतात चूक झाली. मग चूक कोणाची? माहिती भरणाऱ्यानं मनानं लिहिलं असेल तर तसं सांगा, त्याच्यावर कारवाई करतो. आजच अहवाल पाठवतो."

मला फक्त उभं राहायचं होतं. "चूक माझी," एवढे दोन शब्द. माझी शिकणारी दोन मुलं डोळ्यांपुढं आली, निलंबन आलं, कोपरा दुमडलेलं माझं सेवापुस्तक आलं. भिंतीकडून स्नेहल माझ्याकडं बघत होती. आधी वाट बघत होती, मग नुसती बघत होती. मी माझ्या चपलांकडं बघितलं. एक अंगठा तुटायला आला होता, तो मी पायानं नीट करत बसलो. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

"बोला बाई," साहेब म्हणाले. "नाहीतर मी पुढचं नाव घेतो."

चिमाबाई उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

"गुरुजींचं काय चुकलं न्हाई. त्यांनी इचारलं, खोटं मी बोल्ले."

"काय खोटं?"

"बराख माजी न्हाई. दिराची हाय."

"आणि जेवण?"

ती थांबली. गेणभाऊ मान वळवून बघत होते. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मला वाटलं ती खाली बसेल. देवाशप्पथ, क्षणभर मला वाटलं की तिनं बसावं, म्हणजे माझीही सुटका होईल.

"दोन टाइम न्हाई जेवत," ती म्हणाली. "येक टाइम. ते बी काम मिळालं तर."

बायकांतून प्रयागबाई बोलली. चिडवत नव्हती, तिला खरंच कळेना. "आगं पर तुझं तर निम्मं वार उपासच की गं."

"देवाची संकष्टी तेवढी खरी, बाय," चिमाबाई म्हणाली. "बाकी ज्या दिशी घरात पीठ नसंल, त्या वाराचा देव मी हुडकून काढायची."

प्रयागबाईनं पदर तोंडाला लावला. दहा वर्षं ती हिच्या शेजारी बसून भाकरी खात होती.

साहेबही वरमले, पण कागद कागदच असतो. खाली बघून त्यांनी विचारलं, "कपडे?"

"ह्ये अंगावर. येक वाळत घातलंय. पेटीत हौशीरामाचा सदरा हाय, त्यो धरायचा का?"

गेणभाऊ उठले. धोतर झटकलं आणि कोणाकडं न बघता शाळेच्या फाटकातून बाहेर पडले. त्यांच्या चपलांचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू आला. साहेबांनी ठराव मताला टाकला. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. गर्दीत हात वर करायला काय लागतं?

नाव यादीत चढलं. लग्न मोडलं. गेणभाऊंनी निरोप धाडला, "गरिबीचं काय नाय, आमी बी काय बंगलेवाले न्हाई. पर देवाच्या नावावर आख्ख्या गावाला फसवत्यात, त्या घरची पोरगी नको." चिमाबाईनं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला गेली. स्नेहल मात्र माझ्याशी बोलायची बंद झाली. रस्त्यात दिसली की माझ्यातून आरपार बघायची. माझी बायको म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका." मी तिच्यावरही ओरडलो.

यादीत नाव चढलं म्हणजे घर झालं असं नाही. तिच्या आधी तीस नावं होती आणि पाडवा दोन महिन्यांवर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका लाभार्थ्याला जागाच नसल्यानं त्याचं घरकुल परत जायची वेळ आली. हे प्रयागबाईला कुठून कळलं कोण जाणे. टोळीतल्या अकरा बायका खुरपी घेऊन ग्रामसेवकाच्या दारात जाऊन बसल्या. "तिला पान्याच्या टाकीखालची जागा द्या, मंगच आमी उठू." संध्याकाळपर्यंत जागाही निघाली आणि कागदही. प्रयागबाई मला म्हणाली, "लई खाल्लं गुरुजी तिच्यासमोर बसून. आता उतरत न्हाई."

तरी पाडव्याला घराचा पायाही पुरा नव्हता. सावळेरामच्या पोरांनी गोणपाटं उचकटली, कांद्याची पहिली पाटी आत पडली, आणि चिमाबाई पेटी डोक्यावर घेऊन रस्त्यावर उभी राहिली. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काहीतरी केलं. सकाळच्या शाळेला न लागणाऱ्या मागच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. नियमात बसत नव्हतं. कोणी विचारलं असतं तर या वेळी उभा राहिलो असतो, असं मी स्वतःला सांगत होतो. कोणी विचारलंच नाही.

शाळा उघडायच्या आठवडाभर आधी घर उभं राहिलं. एक खोली, एक मोरी, वर पत्रा. पण शेवटचा हप्ता अडला. पुढच्या भिंतीवर योजनेचं नाव, साल, आणि लाभार्थ्याचं नाव ठळक लिहिलेलं असल्याशिवाय इंजिनिअर सही करेना. गवंड्याचे पैसे त्याच हप्त्यातून द्यायचे होते. लिहिणार कोण? अर्थातच, सुंदर अक्षरवाला.

मी डबा आणि ब्रश घेऊन गेलो. रस्त्याकडं तोंड करून भिंत, नुकता चुना दिलेला. जन्मभर ज्या बाईनं मूठ झाकली तिच्याच दारावर मी हे लिहायचं. मी ब्रश बुडवला आणि खाली खिडकीच्या बाजूला, तुळशीमागं झाकेल अशा बेतानं बारीक अक्षरात सुरुवात केली.

"तितं नगं," चिमाबाई मागून म्हणाली. "वर लिवा. दारावर. मोठं लिवा."

"रस्त्यावरून दिसेल, चिमाबाई."

"दिसू द्या. 'दारिद्र्यरेषेखालील' ह्ये बी लिवा. आता जे पावनं येतील ते वाचूनच आत येतील."

मी स्टुलावर चढलो. पहिल्याच अक्षराचा ओघळ खाली आला. तो पुसायला कोणीतरी खालून फडकं वर केलं. स्नेहल होती. रंगाचा डबाही तिनं माझ्या हातातून घेतला आणि स्टूल धरून उभी राहिली. मी योजना लिहिली, साल लिहिलं, 'दारिद्र्यरेषेखालील लाभार्थी' लिहिलं, आणि खाली 'श्रीमती चिमाबाई हौशीराम' असं वीतभर उंचीच्या अक्षरात लिहिलं. दुपारचं ऊन भिंतीवर होतं, रंग लगेच वाळत होता.

खाली उतरलो तेव्हा चिमाबाईनं चहा आणला. तोच स्टीलचा कप. चहा काळा होता.

"दूध नाय, गुरुजी," ती म्हणाली. "कोराच हाय."

या वेळी स्नेहल कुठं पळाली नाही. मी उंबऱ्यावर बसून तो चहा प्यायलो, आणि रिकामा कप चिमाबाईच्या हातात देताना मला तिच्याकडं वर बघवलं नाही.