मांडीपर्यंत त्यांची, वर यांची

हॉस्पिटलात किस्से जमवावे लागत नाहीत. लॅबच्या दाराबाहेर चपला साठतात तसे आपोआप साठतात. मी ग्वाल्हेरच्या एका हॉस्पिटलात कॅथ लॅबची टेक्निशियन. आमचे दोन विभाग एकत्र केले, त्यानंतरच्या तीन महिन्यांतच इतके साठले की घरचे आता हात जोडतात.

त्याआधी पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सर्जन डॉ. मुळ्ये सरांची, आणि तीच सुटून फुप्फुसात गेली की हृदयविभागाच्या डॉ. भदौरियांची. अशी वाटणी! आता दोघांनी मिळून, एकाच लॅबमध्ये, शिरेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढायची होती. तीन महिन्यांत जमलं नाही तर युनिट बंद, पेशंट दिल्लीला आणि मी परत एक्स-रेच्या खोलीत.

पहिल्याच आठवड्यात एका पेशंटची अर्धी गुठळी पायात, अर्धी फुप्फुसात. मुळ्ये सर म्हणाले, "मांडीपर्यंत मी बघतो." भदौरिया म्हणाले, "ऊपर का मैं देख लूँगा." मधल्या पोटाचं काय, असं पेशंटच्या बायकोने विचारलं, तेव्हा दोघांनी पहिल्यांदा एकत्र माझ्याकडे बघितलं.

*

दोघांचं वाकडं जुनं. भदौरिया हे मुळ्ये सरांचेच विद्यार्थी. दसऱ्याला सोनं देऊन अख्खं हॉस्पिटल सरांच्या पाया पडायचं; भदौरिया लांबून नमस्कार करायचे. "इन्फेक्शन का ज़माना है." सरांनी ते मनात धरलं. टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं बोलायचे ते माझ्यामार्फत.

"वैशाली, त्यांना सांग, नळी दोन सेंटिमीटर मागे घ्या."

"वैशाली जी, सर से कहिए, ले ली."

मी मराठीचं हिंदी करायची आणि त्यातला संताप वगळायची. हे काम माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

*

पाटणकर बाजारातल्या एक काकू आल्या, पाय सुजून खांबासारखा. त्यांच्याकडे सुनांनी सासूचे पाय चेपायची रीत. सूज आली म्हणून तिघींनी आणखी जोर लावला होता. चेपल्याने गुठळी सुटू शकते, म्हणून सरांनी पलंगाला पाटी लावली: पाय चेपू नये. काकू माझ्यावरच चिडल्या. "तीन सुना घरात असून काय फायदा? पाय खरोखर दुखून राहिला तेव्हाच चेपायची मनाई."

गुठळी निघाली. नंतर पावलावरची नाडी तपासायची असते. भदौरियांनी वाकून बोटं टेकवली, तर काकूंचा हात त्यांच्या डोक्यावर. "सुखी राहा, बाळा."

"अम्मा, मैं नब्ज़ देख रहा हूँ."

"देख नं. आशीर्वादाने काय अडून राहिलंय तुझं?"

म्हाताऱ्या पेशंटांपाशी हे दर वेळी व्हायचं, आणि भदौरिया दर वेळी न चुकता खुलासा करायचे.

*

सिटी सेंटरच्या एका साडीवाल्याने आपल्या गुठळीचा फोटो मागून घेतला. आता गिऱ्हाईक आलं की साडीआधी तो फोटो. त्याची बायको मला भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमच्याकडे फोटो परत घेतात का?"

*

तीन महिने संपायला आठ दिवस होते आणि मुळ्ये सरांचाच डावा पाय सुजला. सोनोग्राफीत गुठळी थेट मांडीपर्यंत. मुलगा म्हणाला, दिल्लीला नेतो. तासन्‌तास गाडीत बसून ती फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो, हे आम्हाला सरांनीच शिकवलेलं. मला भीती वाटत होती, आणि ती युनिटची नव्हती.

"इथेच करा," सर म्हणाले. "मांडीपर्यंत माझीच आहे, पण माझा हात पोचत नाही."

पालथं झोपवलं. भूल फक्त गुडघ्यामागे, त्यामुळे सर पूर्ण जागे आणि उशीत तोंड असूनही सूचना चालू.

"वैशाली, त्याला सांग, घाई नको."

"वैशाली जी, सर से कहिए, हिलें नहीं."

"सांग, मी हलत नाहीये."

मग मॉनिटरवर सरांचे ठोके वाढायला लागले. भदौरियांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "सर, मैं हूँ," ते म्हणाले. पुढचा पाऊण तास मला निरोप्याचं काही काम उरलं नाही.

गुठळी निघाली, चांगली वीतभर. सरांना उताणं केलं. भदौरियांनी ग्लव्ह्ज काढले, पायथ्याशी गेले, वाकले आणि सरांच्या पावलावर बोटं टेकवली.

सरांनी पडल्यापडल्या हात वर केला. "आयुष्मान भव."

मी खुलाशाची वाट बघत राहिले. नाडी बघायला पंधरा सेकंद पुरतात. भदौरिया बराच वेळ वाकलेलेच होते.