पोपटी गाडीच्या प्रदक्षिणा

टोकियो मी एकटीनं पायी पालथं घातलं, असं इथल्या, अमेरिकेतल्या सनीव्हेलमधल्या आमच्या मराठी मंडळींना मी गेली चाळीसेक वर्षं सांगत आलेय. धादांत खोटं! पायी बघितल्या त्या जेमतेम चार गल्ल्या. त्याआधी टोकियो मी बसून पाहिलं. एका पोपटी आगगाडीत, एकाच जागेवर, दोन तासांहून जास्त. परवा नात तिकडे निघाली आणि म्हणाली, "आजी, तुझी लिस्ट दे ना, काय काय बघू?" म्हटलं, आता खरं लिहूनच टाकावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे चिपच्या कंपनीत इंजिनियर. कामासाठी टोकियोला जात, एकदा मलाही घेऊन गेले. सनीव्हेलला येऊन मला दोन वर्षं झाली होती, पण एकटीनं गाठलेली ठिकाणं दोनच: लाँड्री रूम आणि टपालपेटी. दोन्ही अपार्टमेंटच्या आवारात. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास. दुसऱ्यांदा तर हिरव्या दिव्याला थांबले. मागच्या गाडीला घाई दिसली, म्हटलं आधी तिला जाऊ दे. तेव्हा विमानात बसतानाच ठरवलं होतं, हे एक शहर एकटीनं बघायचं. जमलं तर तिसऱ्यांदा टेस्ट देईन, नाही तर जन्मभर ह्यांच्या शेजारच्या सीटवर गप्प बसेन.

मीटिंगला जाताना ह्यांनी मला स्टेशनवर सोडलं.

"ही गाडी गोल फिरते. तासाभरात परत इथंच येते. मधे उतरू नकोस, म्हणजे हरवणार नाहीस."

"अहो, मग बघणार काय?"

"खिडकी आहे की!"

माझा थाट काय वर्णावा! साडी, त्यावर स्वेटर, खाली चालायसाठी मुद्दाम घेतलेले पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये चिवडा. हिमालयात निघाल्यासारखी सजून मी बसले खिडकीशी. स्टेशन आलं की अर्धी उठायची, दार उघडायचं, दार मिटायचं, मी परत बसायची. पहिली फेरी संपली. म्हटलं, दुसऱ्या फेरीत नक्की. दुसरीही संपली. प्रदक्षिणा घालायच्या त्या दर्शन झाल्यावर, एवढंही ह्या शहाणीला आठवलं नाही.

पहिल्या फेरीत समोर एक आजीबाई बसली होती, हातात रिकामी पिशवी. चार-पाच स्टेशनांनी उतरून गेली. तिसऱ्या फेरीत तीच पुन्हा चढली. आता पिशवीतून मुळ्याचा पाला डोकावत होता. मला बघून तिचे डोळे मोठे झाले. शेजारी येऊन बसली, बोटानं हवेत एक गोल काढला आणि भुवया उंचावल्या.

मी कबूल केलं. दोन बोटं दाखवली.

तोंडावर हात धरून ती अशी हसली, की खांदे गदगदा हलले आणि पिशवीतला पालाही हलला. मग तिनं माझ्या कोऱ्या बुटांकडे बोट दाखवलं. नंतर दाराकडे.

पुढचं स्टेशन आलं आणि मी उतरले! धीटपणा कसला, शरमेनंच. मागं पाहिलं तर आजीबाई खिडकीतून वाकून नमस्कार करत होती.

स्टेशनामागं अरुंद गल्ली होती. लोणच्याच्या दुकानात पिंपंच्या पिंपं. दुकानदारीणबाईनं हळदीसारखी पिवळी मुळ्याची फोड काडीला टोचून पुढे केली. मी खाल्ली, तिनं दुसरी दिली. एका खानावळीच्या काचेत प्लास्टिकची जेवणं मांडलेली. त्यातलं मासा नसलेलं कुठलं, हे शोधता शोधता माझं नाक काचेला टेकलं. आतला आचारी हसला, मीही हसले. पुढं एक म्हातारा हातगाडीवर रताळी भाजत होता. रताळी! टोकियोत, आणि तीही उपास नसताना! दोन घेतली. एक चालता चालता खाल्लं, दुसरं वर्तमानपत्राच्या कागदात तसंच ठेवलं.

आणि मागं वळले तर स्टेशन गायब.

तीन गल्ल्या धुंडाळल्या. पाट्या वाचता येईनात, आणि विचारायचं तर कुठल्या भाषेत? झालं, म्हटलं, आता ह्यांचं "तरी मी सांगत होतो" जन्मभर ऐका. तेवढ्यात दोन छपरांच्या मधून काहीतरी पोपटी सळकन गेलं. माझी गाडी! मग काय, रुळांचा आवाज धरून चालत सुटले, आणि दहा मिनिटांत स्टेशनात हजर. आता चढायचं कुठल्या बाजूला? कुठल्याही! फिरून ह्यांनी सोडलं तिथंच तर जाणार होती. गोल गाडीचा खरा उपयोग हा, हे तीन फेऱ्यांनंतर डोक्यात शिरलं.

संध्याकाळी हे हॉटेलवर आले, तेव्हा मळलेले बूट दारातच मुद्दाम दिसतील असे ठेवले होते. ह्यांच्या हातात थंडगार रताळं दिलं, आणि आजीबाईसकट सगळं सांगून टाकलं.

"परत गेल्यावर तिसऱ्यांदा टेस्ट देणार आहे मी," म्हटलं.

मला वाटलं, आता हसतील किंवा रागावतील. हे रताळ्याचं साल सोलत बसले. मग म्हणाले,

"अगं, चौथी खेप ही माझी इथली. पण त्या गाडीतून मधे कुठं मी कधी उतरलोच नाही. उद्या दुपारी मोकळा आहे. नेशील मला?"