सुळेवाला हत्तीच हवा

लखनौच्या मानक नगरमधल्या रेल्वे कॉलनीत आम्ही मराठी माणसं थोडीच होतो, पण मंडळ होतं आणि मंडळाला चिटणीस होते. नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी त्यांनी ठरवलं, यंदा गणपती हत्तीवरून आणायचा. मिरवणुकीच्या पुढे रेल्वेचे एक मोठे साहेब चालणार होते, आणि साहेबांच्या मागे टेम्पो बरा दिसला नसता.

लखनौमध्ये तेव्हा वरातींसाठी हत्ती सहज मिळत. आमच्या भागात एक म्हातारी हत्तीण नेहमी दिसे. कानाशी बँड वाजला तरी ती निवांत ऊस खात उभी राही. माहूत आधी तिलाच घेऊन आला. चिटणिसांनी तिला परत पाठवलं, कारण तिला सुळे नव्हते. आपल्याकडच्या हत्तिणींना बाहेर दिसतील असे सुळे नसतातच, असं मी सांगून पाहिलं.

"अहो, एकदंताची मिरवणूक आणि हत्ती बिनदाताचा? साहेब काय म्हणतील?"

एकदंताला उंदीर चालतो, हे मी मनातच ठेवलं. सुळेवाला ठरला. हौद्यात मूर्ती मांडीवर घेऊन बसायला माझी सात वर्षांची मुलगी निवडली गेली, आणि बायको आठवडाभर परकर-पोलकं शिवत बसली.

त्या दिवशी मी ऑफिसातून फाटकापाशी पोचलो तेव्हा लेक वर बसलेली होती. खाली बायकांचा घोळका हात जोडून उभा होता. हत्तीच्या डोळा आणि कान यांच्या मधून एक काळसर ओली रेघ गालावर उतरली होती, आणि बाप्पाला पाहून त्याला रडू आलं असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. शेजारच्या काकू तर पदराने ते पुसायला पुढे सरसावल्या होत्या.

ते अश्रू डोळ्यांतून येत नव्हते. डोळ्यामागे हत्तीला एक ग्रंथी असते. नर माजावर आला की ती पाझरते, आणि मग महिना-दोन महिने तो कोणाचा नसतो. जंगलात हे सोयीचं असतं. तो वास आला की दुसरे नर वाट सोडतात, माद्यांना खबर लागते, भांडण न होताच पुष्कळ गोष्टी मिटतात. मानक नगरमध्ये वाट सोडणारं कोणी नव्हतं. जुन्या कवींनी या मदाला सुगंध म्हटलं आहे, त्यावर भुंगे जमवले आहेत. ते कवी हत्तीच्या किती जवळ गेले होते कोण जाणे. मला डांबर आणि कुजका घाम यांच्या मधला काहीतरी वास आला. हत्तीचे मागचे पाय ठिबकत्या लघवीने आतून ओले होते. मान वर ताठ होती.

मी काकूंना बाजूला घेतलं आणि चिटणिसांना गाठून सगळं सांगितलं. "तुम्ही फार वाचता," असं म्हणून ते साहेबांचा हार शोधायला वळले. मग मी माहुताखाली जाऊन उभा राहिलो. त्याचे दोन्ही पाय हत्तीच्या कानांमागे घट्ट रोवलेले होते. माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "हमको मालूम है. चिल्लाइए मत. ढोल रुकवाइए, जगह करवाइए, तो बैठा दूँ."

ढोल थांबवणं फक्त चिटणिसांच्या हातात होतं, आणि हत्तीचं शरीरशास्त्र त्यांना पटणारं नव्हतं. मी पुन्हा गेलो आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "साहेब पायी चालणार आणि त्यांच्या डोक्यावर एका क्लार्कची मुलगी बसणार. प्रोटोकॉलमध्ये बसतं ना?"

त्यांचा चेहरा पडला. क्षणात ढोल थांबले, गर्दी मागे हटली. इतक्या वर्षांत एखादा निर्णय इतक्या लवकर झालेला मी पाहिला नव्हता.

हत्ती मात्र लगेच बसला नाही. माहुताने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो खाली बसला, शिडी लागली आणि मी वर चढलो. माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर त्याचा डोळा होता, आणि तो माझ्याकडे वळला. आधी मूर्ती खाली दिली, मग लेकीला कमरेला धरून उतरवलं. तिचे हात गार पडले होते. मी मागे बघितलं नाही.

आम्ही रस्ता ओलांडला तेवढ्यात कोणीतरी ढोलावर एक टिपरी मारली. हत्ती उठला, फाटकावरच्या स्वागताच्या कमानीला त्याने कपाळ लावलं आणि नुसतं रेटलं. कमान साहेबांच्या नावासकट आडवी झाली. माहूत मानेवर टिकून राहिला आणि त्याला मोकळ्या माळाकडे घेऊन गेला. कोणाला लागलं नाही. गणपती टेम्पोतून आला. नंतर चिटणिसांनी सांगितलं, की हत्तीने जाताना साहेबांना नमस्कार केला.

घरी बायकोने परकर दोनदा धुतला, पण वास जाईना. लेक मोरीच्या दाराशी बघत उभी होती. आम्ही मराठीत विचारायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, तसंच तेव्हाही झालं.

"पापा, वो रो नहीं रहा था."

तुला कसं कळलं, मी विचारलं.

"वो अंदर से घूं-घूं कर रहा था. आवाज़ नहीं आ रही थी, पैरों में लग रहा था. जब से बैठी, तब से."

मग तू सांगितलं का नाहीस, असं तिच्या आईने विचारलं. लेक म्हणाली, सगळे नमस्कार करत होते ना.