शहाण्णवांत तेरा

मुलं तिला पाठीमागे 'गुलाबी बाई' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं, फक्त आवडतं असं दाखवायचं नव्हतं. दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या आठ खुर्च्यांच्या खोलीत ती बावीस वर्षं शिकवत होती. दात काढणं, बसवणं, सरळ करणं हे सगळं वरच्या मजल्यांवर चालायचं, तिथे गर्दी आणि तिथेच मान. दात किडू नयेत म्हणून काय करायचं ते शिकवणारी ही खोली मात्र खाली, औषधांच्या कोठाराशेजारी.

नोकरीला लागली तेव्हा या विभागात यायला कुणी तयार नव्हतं. "तुला काय, ब्रश कसा धरायचा एवढंच सांगायचंय," असं वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणी हसून म्हणाल्या होत्या. तेव्हापासून ती ब्रश कसा धरायचा हे असं सांगे, की ऐकणाऱ्याची हसायची छाती होऊ नये.

नव्या तुकडीचा पहिला तास तिचा. एका विद्यार्थ्याच्या दातांना ती कापसाच्या बोळ्याने गुलाबी रंग लावायची. स्वच्छ दातावरून रंग धुऊन जातो, जिथे मळ असतो तिथे चिकटून बसतो. दोन वेळा दात घासून आलेला, स्वतःवर खूश असलेला मुलगा आरशात बघायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. मग ती हातभर मोठा प्लास्टरचा जबडा टेबलावर ठेवून, तेवढाच मोठा ब्रश त्यावर फिरवून दाखवायची. दुसऱ्या तासाला अंडी. अंड्याला नखाचं पॉलिश लावून ते दातांवरचा थर खरवडायच्या अवजाराने काढायचं, कवचाला तडा न जाता. "अंडं ओरडत नाही," ती म्हणायची, "माणूस ओरडतो. आधी अंड्यावर शिका."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ती नवी मॅडम आली.

वयाने तिशीच्या आतली. आवाज मऊ. पेशंटच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायची, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. शिकवायला बसली की चार नंबरच्या खुर्चीकडून हसण्याचे आवाज यायचे. दातांच्या दवाखान्यात हसणं! गुलाबी बाई एक नंबरच्या खुर्चीशी उभी राहून कान तिकडेच लावायची आणि समोर शिकत असलेल्या मुलाला म्हणायची, "लक्ष कुठे आहे तुझं?"

घरी नवऱ्यासमोर ताट वाढता वाढता रोज तेच.

"आज पेशंटला विचारत होती, तुमची नात कशी आहे म्हणून. नातीचे दात बघायचेत का हिला?"

"मग काय झालं?"

"काही झालं नाही. मी सांगितलं फक्त."

नवरा जेवणात लक्ष घालायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर 'काही झालं नाही' कधी ऐकायचं आणि कधी ऐकलं नाही असं करायचं, हे त्याला पक्कं कळत होतं.

मग ती आठवडाभर तापाने घरी बसली आणि घात झाला.

घड्याळ दुरुस्त करणारे एक आजोबा होते. सहा वर्षं तिचे पेशंट. दर तीन महिन्यांनी यायचे, शांतपणे खुर्चीत बसायचे, मांडीवर हात ठेवून तिची बोलणी ऐकायचे आणि जायचे. तोंडात चोवीस दात. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरल्या तर शहाण्णव, त्यांतल्या साठाच्या खाली रंगलेल्या बाजू कधी आल्याच नाहीत. विसाच्या खाली आल्या तर पेशंट शिकला असं धरायचं. "आजोबा, तुम्ही मनावरच घेत नाही," ती म्हणायची आणि जबडा पुढे ओढून पहिल्यापासून दाखवायची. आजोबा मान हलवायचे. ती तापात होती त्या आठवड्यात ते आले आणि चार नंबरच्या खुर्चीत बसले.

दोन महिन्यांनी विभागप्रमुख सरांच्या खोलीत नवी मॅडम म्हणाली, "सर, पहिल्या तासाला जबडा दाखवण्याऐवजी आपण पेशंटलाच आधी घासून दाखवायला सांगू या का? आपण नुसतं बघायचं. बोलायचं नाही."

"आणि शिकवायचं कधी?" गुलाबी बाईने विचारलं. "मुहूर्त बघून?"

सर हसले नाहीत. "एखादा पेशंट आहे दाखवायला?"

"घड्याळवाले आजोबा आहेत. आता विसाच्या खाली आलेत."

गुलाबी बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला दुसरं कुणी मिळालं नाही? सहा वर्षं तिने घसा कोरडा केला आणि ही दोन महिन्यांत श्रेय घेऊन चालली! मोजताना ढिलाई केली असणार. मऊ आवाजाची माणसं मोजणीतही मऊच असतात.

"रंग मी लावणार," ती म्हणाली. "मोजणार पण मीच."

"चालेल," सर म्हणाले. "त्यावरून पहिल्या तासाचं ठरवू."

पहिल्या तासाचं ठरवायचं! बावीस वर्षांत त्यात ठरवण्यासारखं कधी काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आजोबा एक नंबरच्या खुर्चीत येऊन बसले. भोवती बारा-पंधरा मुलं, सर आणि नवी मॅडम.

"बाई, ताप गेला का?" आजोबांनी विचारलं.

"गेला. तोंड उघडा."

तिने ओठांना व्हॅसलीन लावलं आणि दात न दात रंगवला. इतका रंग तिने आयुष्यात कुणाला लावला नव्हता. चूळ भरायला लावली, दिवा खाली ओढला, आरसा आत घातला. मनात चाळीस हा आकडा धरला होता. चाळीस आले की हसून म्हणायचं, सुधारणा आहे हं, पण...

तेरा आले.

तिने पुन्हा मोजलं. तेरा. तिसऱ्यांदा मोजताना एका ठिकाणी थबकली. दाढेच्या कडेला गुलाबी छटा होती, की हिरडीचाच रंग होता? ती बाजू धरली असती तर कुणी हटकलं नसतं. तशा अजून सात-आठ शोधता आल्या असत्या. तपासायच्या टोकदार सळईने हळूच खरवडून बघितलं. हिरडीच होती. बोटांना खोटं मोजायची सवय नव्हती.

"शहाण्णवांत तेरा," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"वा, आजोबा!" सर म्हणाले. "काय जादू केलीत?"

आजोबांनी मांडीवरचा उजवा हात वर केला. अंगठा मुळाशी सुजून ताठ झालेला, वळत नव्हता. "चाळीस वर्षं चिमटा धरला. बारीक दांडीचा ब्रश या हातात टिकतच नाही. म्हणून मी ब्रश धरून ठेवायचो आणि मान हलवायचो." मुलं हसली. आजोबांनी खिशातून ब्रश काढला. दांडीला सायकलच्या हँडलची जाड काळी मूठ चढवली होती. "या मॅडमनी घासायला लावलं. पाच मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग हे दिलं."

"मला का नाही सांगितलंत?" गुलाबी बाईच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही एवढं मन लावून दाखवत होता," आजोबा म्हणाले. "मध्येच कसं बोलायचं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तिने परत आरसा आत घातला, काहीतरी करायला हवं म्हणून. आणि तिच्या लक्षात आलं, की तेराच्या तेरा बाजू एकाच ठिकाणी होत्या, खालच्या उजव्या दातांच्या आतल्या अंगाला आणि त्यांच्यामधल्या फटींत. "इथे जाड मूठ वळत नाही," ती म्हणाली. "इथे लहान तोंडाचा ब्रश घ्या, डाव्या हातात. घ्या, करून दाखवा." आजोबांनी करून दाखवलं. जमत होतं.

"हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मॅडम," नवी मॅडम म्हणाली आणि खरोखर वहीत लिहून घेतलं.

यानेच गुलाबी बाईचं डोकं जास्त फिरलं. चूक कबूल करायची तर थोडं तरी तोंड वाकडं व्हायला हवं की नाही? हिला चूकसुद्धा शोभून दिसत होती.

सरांनी जिन्यात गाठून सांगितलं, "पहिला तास नव्या मॅडमना देऊ या. अंडी मात्र तुमचीच. त्याला तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

"बरं," ती म्हणाली. अंडी! बावीस वर्षांनी हातात काय राहिलं, तर अंडी.

त्या दिवशी जेवताना ती काहीच बोलली नाही. नवऱ्याने दोनदा वर बघितलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बेसिनशी उभा होता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. याच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ती कित्येक वर्षं ओरडत आली होती.

"काय गं?"

"काही नाही. घासा."

"घासतोच आहे."

"घासा ना. मी बोलत नाही."

त्याने घासलं. समोरून बूट पुसावे तसं, डावीकडे जोरजोरात, आणि चूळ भरून मोकळा.

"उजवीकडे?"

"तिकडे नाही नेत ब्रश. गार पाणी लागलं की ठणकतं."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"आणि घरात मी असताना मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू विचारतेस कुठे?" तो टॉवेलला तोंड पुसत म्हणाला. "तू सांगतेस."

ती दार अडवून उभी होती, तेवढं बाजूला व्हायचंही तिला सुचलं नाही.

"मग आज येऊ का तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "त्या नव्या मॅडमना दाखवू का? फार चांगलं बघतात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तूच. दोन महिने रोज."

"अकरा वाजता या," ती म्हणाली. "एक नंबरच्या खुर्चीत बसायचं. आणि तिने काही विचारलं, तर कालपासून दुखतंय म्हणून सांगा."