पेंटरआप्पांचा दुसरा वाघ

स्वतःचं जुनं चित्र समोर धरलं की पेंटरआप्पा आधी विचारायचे, "कुणी काढलंय हे?" तुम्हीच, असं सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून त्यातल्या चुका काढायला लागायचे. ही थट्टा होती की त्यांना खरंच ओळख पटत नसे, हे मला कधीच उमगलं नाही.

निपाणीत तंबाखूच्या पुड्यांवरची चित्रं काढणं हा त्यांचा धंदा. मी बेळगावात शाळामास्तर, आणि फावल्या वेळात मुलांचं एक मासिक चालवायचो. त्याच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आप्पांनी काढलं : वाघाचे कान धरून त्याच्या पाठीवर बसलेला पोरगा. त्या वाघानं आमचं मासिक घरोघरी नेलं. विड्या वळणाऱ्या बायकांनीसुद्धा ते पान वखारीच्या भिंतीला चिकटवलं होतं.

पुढं लढाईच्या दिवसांत कागद मिळेना. मासिक बंद पडायच्या बेताला आलं. तोच वाघ पुन्हा छापला तर जुने वाचक परत येतील, असं मला वाटलं. पण ज्या दगडावर कोरून मूळ चित्र छापलं होतं, तो छापखान्यानं केव्हाच घासून दुसऱ्या कामाला घेतला होता. मग मी निपाणीला जाऊन आप्पांना म्हटलं, तेच चित्र हुबेहूब पुन्हा काढा. नमुन्याला जुना अंक नेला होता, तो त्यांनी उलटूनही पाहिला नाही.

चित्र आलं. वाघ होता, पण पोरगा खाली उतरून त्याच्या शेजारून चालत होता. मी कारण विचारलं.

"वाघ म्हातारा झालाय, मास्तर. आता त्याच्या पाठीवर बसवत न्हाय."

मी हट्ट सोडला नाही. त्यांची विधवा बहीण आक्का त्यांच्याजवळ राहायची, रंग कालवून द्यायची. ती सांगायची, आप्पा वाघ काढतात आणि बाजूला टाकतात, जेवायलाही उठत नाहीत. एकदा ते मला म्हणाले, "आपल्याच आवाजाची नक्कल केल्यागत हुतंय."

शेवटी एक चित्र आलं, अगदी जुन्यासारखं. अंक निघाला. सदलग्याच्या बाजारात एका दुकानदारानं तो आप्पांच्याच हातात ठेवला आणि हा वाघ पेंटरआप्पांचा नव्हे, कुणीतरी उचललाय, असं त्यांनाच सांगितलं. "म्या म्हटलं, व्हय, मला बी तसंच वाटतंय." हे सांगताना आप्पा पोट धरून हसले. मी हसावं की नाही, ते मला कळेना.

मासिक काही तगलं नाही. त्याच हिवाळ्यात आप्पाही गेले. मी भेटायला गेलो तेव्हा आक्कानं वाघांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला, आठवण म्हणून एक घ्या म्हणाली. मी बराच वेळ चाळत बसलो. एका वाघाच्या डोळ्यांत आप्पांचा खट्याळपणा जसाच्या तसा उतरला होता. तो मी बाजूला काढला.

आक्कानं त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "त्यो माझा हाय. आप्पाचा हात लई कापायचा. छापलेला बी मीच काढलाय."

मी चित्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कोपऱ्यात सही आप्पांचीच होती. ती कुणी केली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.