पाय शेका, दादा

श्रीकांतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये एका आजोबांचा ईसीजी बघत होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अगं, सकाळी उठलेच नाहीत..." मी "बरं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. असं कसं केलं, देव जाणे.

दादा लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात इंजिनियर. मी आयर्लंडला नवीन आले तेव्हा हक्काने जेवायला बोलावणारं पहिलं मराठी घर त्यांचं. शेजारच्या लिन नावाच्या चिनी आजींमुळे त्यांना चिनी वैद्यकाचं वेड लागलं. हिवाळा हा मूत्रपिंडांचा ऋतू, म्हणून कंबर उघडी टाकायची नाही, मानेला मफलर, फ्रीजचं पाणी बंद. सूर्य उगवल्याशिवाय अंथरूण सोडायचं नाही. आता इथला डिसेंबरातला सूर्य उगवणार साडेआठनंतर, म्हणजे ऑफिसची बोंबच. आणि रोज संध्याकाळी एका निळ्या टबात आल्याच्या गरम पाण्यात पाय. मी पडले हृदयविकाराची डॉक्टर, टिंगल करायची ती केलीच. "मूत्रपिंडांना स्वेटर घालणारा इंजिनियर पहिल्यांदाच बघतेय," म्हणायची. पण खरं सांगू, त्यांच्याकडे गेलं की माझेही पाय त्या निळ्या टबात असायचे.

मग तो आमचा खेळच झाला. काहीही दुखलं की दादांचा फोन, "डॉक्टरीणबाई, काय करू?" मी त्यांचंच औषध त्यांना द्यायची, "पाय शेका, दादा."

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, दोन पेशंटांच्या मधे त्यांचा फोन आला. "पाठीत गारठा बसलाय गं. पार खांद्यापर्यंत. घामही येतोय जरासा." मी हसून म्हणाले, "पाय शेका, दादा." तेही हसले... हेच एखाद्या अनोळखी माणसाने सांगितलं असतं तर हृदयविकाराचा झटका समजून मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. मग दादांचं मला ऐकूच कसं आलं नाही? त्यांनी ते औषध म्हणून घेतलं की गंमत म्हणून? की मी आणखी काही म्हणेन म्हणून क्षणभर थांबले होते? आठवून आठवून आता ते हसूसुद्धा नीट आठवत नाही. लिन आजींवर चिडावं म्हटलं, तर त्या दारात उभ्या राहून रडल्या. म्हणाल्या, मी त्याला नेहमी सांगायचे, दुखलं तर आधी डॉक्टरला विचार. त्याने विचारलंच होतं की, मला.

परवा वहिनींकडे गेले. त्यांनी प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) तो निळा टब काढला, आलं ठेचून टाकलं आणि माझे पाय त्यात घालायला लावले. "त्या संध्याकाळी तुझं नाव घेऊनच बसले होते पाय सोडून. म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय. शांत झोपले गं... बरं वाटतंय ना?"

वाटत होतं. मी नुसती मान हलवली.

हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी वहिनी दर रविवारी चहाबरोबर मोबाइलवर वाचतात. आजही वाचतील, आणि मी ते गमतीत म्हटलं होतं हे त्यांना तेव्हा कळेल. टब त्यांच्याकडेच आहे; मला पुन्हा त्यात पाय घालू देतील की नाही, ठाऊक नाही.